जुन्या फोर व्हील ड्राइव्हचे एअर सस्पेन्शन : बिघाड शोधण्याची आणि दूर करण्याची पद्धत

एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी उचलून धरणारी यंत्रणा. तिच्यात बिघाड झाला की रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर टेकलेली दिसते, किंवा चालता चालता डॅशबोर्डवर सस्पेन्शनमध्ये बिघाड असल्याची सूचना झळकते आणि गाडी हळूहळू खाली बसते. अशी गाडी नव्याने घेतलेला मालक या वेळी दोनपैकी एक चूक हमखास करतो. एकतर तो घाईने नवा कॉम्प्रेसर मागवतो, नाहीतर कुणाकडून तरी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारे उपकरण) आणून बिघाडाची नोंद पुसतो आणि प्रश्न मिटला असे समजतो. डॅशबोर्डवरची सूचना लक्षण सांगते, कारण सांगत नाही. म्हणून नोंद पुसण्याचे काम या लेखात अगदी शेवटी येते आणि त्याआधीचा बराचसा वेळ टेप, साबणाचे पाणी आणि वही यांच्यासोबत जातो.

उदाहरण म्हणून मी रेंज रोव्हरची दुसरी पिढी घेतो. १९९४ ते २००१ या काळात बनलेली ही गाडी पी-३८ या नावाने ओळखली जाते. त्याआधी १९९२ मध्ये पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हरवर इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आले होते आणि पी-३८ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती आहे. तिची रचना इतकी उघड आणि समजण्याजोगी आहे की, ती एकदा डोक्यात बसली की नंतरच्या बहुतेक गाड्यांचे एअर सस्पेन्शन समजायला वेळ लागत नाही.

हात लावण्यापूर्वी

एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली, ती केवळ स्वतःच्या हवेवर किंवा केवळ जॅकवर उभी असताना, कधीही शिरू नये. कॉइल स्प्रिंगची गाडी आपली उंची स्वतःहून बदलत नाही. ही गाडी मात्र दार उघडल्यावर, इग्निशन फिरवल्यावर, एखादा रिले (विजेने चालणारा स्विच) सुटल्यावर किंवा काहीच कारण दिसत नसताना काही सेकंदांत खाली बसू शकते आणि तिचे वजन दोन टनांहून अधिक आहे. चेसिसखाली चार भक्कम लोखंडी घोड्या लावल्याखेरीज खालचे कोणतेही काम सुरू करू नये. सपाट आणि कठीण जमीन निवडावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि कामाच्या वेळी किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

दुसरी गोष्ट दाबाची. या यंत्रणेच्या टाकीत सुमारे १० बार, म्हणजे १४५ पीएसआयच्या आसपास दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार असतात, हे लक्षात घेतले की फरक कळतो. दाब असलेली नळी ओढून काढली तर ती चाबकासारखी फिरते आणि सोबत धुळीचे कण उडवते. डोळ्यांवर चष्मा असावा आणि नळी सोडण्यापूर्वी त्या भागातील हवा काढून टाकलेली असावी.

यंत्रणा चालते कशी

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो. ती हवा ड्रायरमधून जाते, जिथे ओलावा शोषणारे दाणे तिच्यातील बाष्प धरून ठेवतात. तिथून ती टाकीत साठते. टाकीतून व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधून चार नळ्यांनी चार चाकांजवळच्या रबरी फुग्यांमध्ये ती पोहोचते. पी-३८ च्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर सहा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारे व्हॉल्व्ह, आहेत : एक हवा आत घेण्यासाठी, एक बाहेर सोडण्यासाठी आणि चार फुग्यांचे चार. त्याच ब्लॉकमध्ये हवा उलटी जाऊ न देणारे तीन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा बाहेर सोडणारा रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच असतो. कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक हे दोन्ही बॉनेटखालच्या एका बंद पेटीत बसवलेले असतात.

प्रेशर स्विचची कामगिरी साधी आहे. टाकीतील दाब उतरत ७.२ ते ८ बारच्या दरम्यान आला की तो कॉम्प्रेसर सुरू करण्याचा इशारा देतो आणि दाब चढत ९.५ ते १०.५ बारपर्यंत गेला की थांबण्याचा. दाब नेमका किती आहे हे त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त ‘पुरेसा आहे’ आणि ‘पुरेसा नाही’ एवढेच कळते. कंट्रोल युनिटला (यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) टाकी भरली की नाही हे या एकाच स्विचवरून समजते, त्यामुळे स्विच बिघडला की कॉम्प्रेसर निर्दोष असूनही युनिट त्यालाच दोष देते.

प्रत्येक चाकाजवळ एक हाइट सेन्सर असतो. त्याचा दांडा सस्पेन्शनला जोडलेला असतो आणि चाक वरखाली झाले की सेन्सरच्या आतील पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विद्युत रोध बदलणारा भाग, फिरतो. कंट्रोल युनिट ते मूल्य ० ते २५५ या अंकांत वाचते आणि कोणत्या फुग्यात हवा भरायची, कोणत्यातून सोडायची हे ठरवते. नेहमीच्या उंचीपेक्षा २५ मिलिमीटर खाली, चढण्या-उतरण्याच्या सोयीसाठी ६५ मिलिमीटर खाली आणि खडबडीत रस्त्यासाठी ४० मिलिमीटर वर, अशा ठरलेल्या पातळ्या आहेत.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण नवख्या माणसाची सर्वांत मोठी दिशाभूल तिच्यामुळे होते. इग्निशन बंद केल्यावरही हे कंट्रोल युनिट झोपत नाही. काही काळ ते जागे राहते आणि नंतरही ठरावीक तासांनी उठून गाडीची पातळी तपासते. एखादा कोपरा खाली गेलेला आढळला तर ते इतर तीन कोपऱ्यांतील हवा सोडून गाडी त्या पातळीला आणते. परिणामी गळती एकाच फुग्यात असते आणि सकाळी चारही कोपरे खाली बसलेले दिसतात. मालकाला वाटते, सगळेच फुगे गेले!

आधी साध्या गोष्टी

बॅटरी तपासावी. इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीचा व्होल्टेज १२.५ च्या आसपास हवा. इंजिन चालू असताना तो साधारण १४ हवा. कमजोर बॅटरीवर कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज झपकन खाली येतो आणि कंट्रोल युनिट असे बिघाड नोंदवते जे अस्तित्वातच नसतात. मग फ्यूज आणि रिले पाहावेत, नुसते डोळ्यांनी नव्हे तर मल्टीमीटरने, कारण जुना फ्यूज वरून शाबूत दिसला तरी त्याच्या पायांवरील गंजामुळे पुरेसा करंट जात नाही.

त्यानंतर दारे. पी-३८ मध्ये एखादे दार उघडे असेल तर उंची बदलण्याची क्रिया थांबते, आणि याच गाडीच्या पुढच्या दारांच्या लॅचमधील छोटे स्विच खराब होणे ही नेहमीची तक्रार आहे. दार लावलेले असते, पण गाडीला ते उघडे वाटते. अशी गाडी बटण दाबूनही वर उचलली जात नाही आणि दोष बिचाऱ्या सस्पेन्शनच्या माथी मारला जातो. आतला दिवा दार लावल्यावर विझतो का, दार उघडे असल्याची सूचना उगाच येते का, एवढे पाहण्याने दोन मिनिटांत शंका फिटते.

गळती शोधण्याची रात्रभराची परीक्षा

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन चालू ठेवून ती नेहमीच्या उंचीवर आणावी आणि कॉम्प्रेसर स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहावी. मग इंजिन बंद करून सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटला जागे ठेवणारा टायमर रिले काढून घ्यावा. पी-३८ मध्ये तो पुढच्या डाव्या सीटखाली, कंट्रोल युनिटजवळच असतो. इतर गाड्यांत त्या यंत्रणेचा फ्यूज काढला तरी चालते. हेतू एवढाच की रात्री युनिटने उठून पातळी जुळवू नये आणि गळका कोपरा एकटाच उघडा पडावा.

आता प्रत्येक चाकाच्या मध्यापासून थेट वर, चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण मग टायरमधील हवेचा फरक मापात मिसळतो. हेच माप एका तासाने, चार तासांनी आणि सकाळी पुन्हा घ्यावे. नंतर स्मरणावर भिस्त ठेवून काही उपयोग नसतो, म्हणून वेळ आणि हवामानही सोबत टिपावे.

हवामान का? कारण हवा थंड झाली की आकुंचन पावते. दिवसाचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि पहाटेचे १२ अंश असेल तर केवळ त्या फरकाने फुग्यातील हवेचे आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते आणि चारही कोपरे काही मिलिमीटर खाली जातात. ही गळती नव्हे. चारही कोपरे सारखेच आणि थोडेसे उतरले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. एकच कोपरा इतरांहून स्पष्टपणे अधिक उतरला असेल तर तो फुगा, त्याची नळी, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधील त्याचा व्हॉल्व्ह, या तिघांपैकी एक गुन्हेगार आहे. कोपरे जागच्या जागी आहेत, पण रिले परत लावून इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर बराच वेळ धावतो, असे झाले तर गळती टाकीच्या बाजूची आहे : टाकी, तिची नळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा प्रेशर स्विचची सील. आणि रिले काढल्यावर गाडी रात्रभर उभी राहिली, पण रिले असताना बसते, असे दिसले तर संशय सेन्सरकडे वळवावा. युनिटला कुठला तरी कोपरा खाली गेल्याचा खोटा भास होत असतो.

साबणाचे पाणी

संशयित कोपरा ठरला की भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दाट पाणी स्प्रेच्या बाटलीत भरावे. गाडी तिच्या उंच पातळीवर नेऊन चेसिसखाली घोड्या लावाव्यात. फुग्याच्या खालच्या बाजूला जिथे रबर स्वतःवरच दुमडले जाते, तिथे सर्वाधिक भेगा पडतात आणि नेहमीच्या उंचीवर त्या घडीत लपून राहतात. गाडी उंच असतानाच ती घडी उलगडते. बारीक भेगांचे जाळे दिसले पण बुडबुडे आले नाहीत, तरी त्या फुग्याचे दिवस भरले आहेत असे समजावे. माझ्या मते अशा वेळी एक फुगा न बदलता त्या अ‍ॅक्सलवरील दोन्ही बदलणे शहाणपणाचे असते, कारण दोघांचे वय आणि दोघांनी खाल्लेले धक्के सारखेच असतात.

नळीचे टोक जिथे फुग्यात शिरते तिथे आणि नळीच्या संपूर्ण लांबीवर पाणी मारावे. चेसिसला घासून नळी पातळ झालेली असते ती नेमकी क्लिपच्या मागे, जिथे डोळा पोहोचत नाही. तिथे बोट फिरवावे. सूक्ष्म गळतीत बुडबुडे लगेच येत नाहीत. पाच-दहा मिनिटांनी शेवाळासारखा पांढरा फेस जमा झालेला दिसतो, म्हणून पाणी मारून लगेच पुढे जाऊ नये.

बाहेर कुठेच फेस आला नाही तर गळती व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आत असते. ते सिद्ध करण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. त्या कोपऱ्याच्या नळीत टायरच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह असलेला जोड बसवून ती नळी ब्लॉकपासून वेगळी करावी, पंपाने हवा भरावी आणि पुन्हा मोजमाप घ्यावे. आता कोपरा टिकला तर दोष ब्लॉकचा, नाही टिकला तर फुगा किंवा नळीचा. असे चार जोड कायमचे बसवून ठेवणारे मालक बरेच आहेत आणि त्यांचा निर्णय मला पटतो. वाटेत यंत्रणा बंद पडली तर टायमर रिले काढून, टायरच्या पंपाने चारही कोपऱ्यांत हवा भरून गाडी सावकाश घरी आणता येते.

व्हॉल्व्ह ब्लॉक

ब्लॉकच्या आतली बहुतेक गळती रबरी ओ-रिंगमुळे (जोड हवाबंद ठेवणाऱ्या गोल सीलमुळे) होते. वीस-पंचवीस वर्षांत इंजिनच्या उष्णतेने त्या कडक होतात आणि चपट्या पडतात. त्यांचा पूर्ण संच मिळतो आणि धीराने काम करणारा नवखा माणूसही एका सुट्टीच्या दिवसात ब्लॉक खोलून पुन्हा बसवू शकतो. सर्व हवा काढल्यानंतरच हे काम सुरू करावे. नळी सोडवताना तिच्याभोवतीचा प्लॅस्टिकचा कडा ब्लॉककडे दाबून धरावा आणि मगच नळी सरळ ओढावी. जोर लावून वाकडी ओढली तर कडा तुटतो. प्रत्येक नळीवर, ती काढण्यापूर्वीच, कुठली कुठे जाते याची चिठ्ठी लावावी आणि फोटो काढावा. दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर युनिट एका कोपऱ्याला हवा देते आणि दुसराच कोपरा वर येतो. मग त्याचा जो गोंधळ उडतो तो उलगडायला मूळ बिघाडापेक्षा अधिक वेळ लागतो.

नळी परत बसवण्यापूर्वी तिच्या टोकावरचे ओरखडे पाहावेत. जुन्या ओ-रिंगने पाडलेल्या खाचा असतील तर धारदार पात्याने काही मिलिमीटर टोक काटकोनात कापून टाकावे. तिरके कापलेले टोक ओ-रिंग फाडते. ब्लॉकच्या आत पांढरी भुकटी सापडली तर ओ-रिंग बदलून काम संपलेले नाही. ती भुकटी ड्रायरमधील झिजलेल्या दाण्यांची आहे आणि दाणे बदलले नाहीत तर नव्या सीलवरही तीच बसेल.

रबरी पडद्याच्या व्हॉल्व्हची परीक्षा वेगळी आहे. कॉम्प्रेसर चालू असताना हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाजवळ हात धरावा. तिथून सतत हवा येत असेल तर पडदा नीट बसत नाही आणि कॉम्प्रेसरची सगळी मेहनत वाऱ्यावर जाते. उलट, गाडी वर जाते पण खाली येताना फार वेळ घेते, असे असेल तर तोच मार्ग चोंदलेला असण्याची शक्यता पाहावी.

कॉम्प्रेसर

सर्वाधिक बदलला जाणारा आणि बहुतेक वेळा विनाकारण बदलला जाणारा भाग हाच. कॉम्प्रेसर मरतो तो क्वचितच स्वतःच्या मरणाने. आधी कुठेतरी बारीक गळती सुरू होते, तिची भरपाई करण्यासाठी तो अधिक वेळ धावतो, तापतो, त्याच्या पिस्टनवरील सीलची रिंग झिजते, मग दाब चढायला आणखी वेळ लागतो आणि अखेरीस युनिट टाकी भरत नसल्याची नोंद करते. या साखळीच्या शेवटच्या कडीवर नवा कॉम्प्रेसर बसवला आणि पहिली कडी तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जातो.

तपासणीसाठी १५ बारपर्यंतचा प्रेशर गेज लागतो. कॉम्प्रेसरच्या निर्गमावर गेज लावून मार्ग बंद करावा आणि तो थोडाच वेळ चालवावा. सुदृढ कॉम्प्रेसर काट्याला न अडखळता १० बारकडे नेतो. पिस्टनची रिंग झिजलेला कॉम्प्रेसर आवाज करत राहतो, पण काटा मध्येच कुठेतरी अडकतो. काटा थांबला की कॉम्प्रेसरही थांबवावा. तो अधिक चालवून काटा पुढे सरकत नाही, फक्त उष्णता वाढते. पी-३८ च्या कॉम्प्रेसरसाठी पिस्टनच्या सीलचा संच मिळतो आणि सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे नसतील तर तेवढा बदलून कॉम्प्रेसर पुन्हा ताकदीने चालतो.

कॉम्प्रेसरमध्ये उष्णतेने उघडणारा स्विच असतो. गाडी बराच वेळ हवा भरत राहिली आणि अचानक गप्प झाली, तर आधी अर्धा-एक तास थांबावे. थंड झाल्यावर तो आपोआप सुरू झाला तर मोटार जिवंत आहे आणि प्रश्न ती एवढी का तापली हा आहे. हवा ओढण्याच्या मार्गावरील छोटा फिल्टर चोंदलेला असणे हेही त्याचे एक कारण असते. ड्रायर वेगळा करून तोंडाने फुंकून पाहावा. हवा सहज आरपार गेली पाहिजे. आतून पाण्याचे थेंब आले तर दाण्यांची शोषण्याची शक्ती संपली आहे. तो ओलावा थंडीत गोठून व्हॉल्व्ह अडवतो आणि एरवी त्यांना गंजवतो. यंत्रणेतून बाहेर सोडली जाणारी कोरडी हवा ड्रायरमधूनच उलटी जाते आणि दाण्यांना पुन्हा वाळवते, त्यामुळे गळती नसलेल्या गाडीत ड्रायर वर्षानुवर्षे टिकतो. गळक्या गाडीत हवा भलत्याच वाटेने निघून जाते आणि दाण्यांना वाळायची संधीच मिळत नाही.

हाइट सेन्सर आणि वायरिंग

सेन्सर आयुष्यातील बहुतांश काळ नेहमीच्या उंचीच्या आसपासच डोलत असतो, म्हणून त्याच्या पोटेन्शिओमीटरची पट्टी नेमकी तिथेच झिजते. लक्षण असे : गाडी उभी असताना सर्व ठीक, पण चालताना, विशेषतः खड्ड्यांतून जाताना बिघाडाची सूचना येते, किंवा एखादा कोपरा उगाच वरखाली होत राहतो.

तपासण्यासाठी टायमर रिले काढलेला आणि गाडी घोड्यांवर असावी. सेन्सरचा कनेक्टर सोडवावा, दांड्याचे एक टोक मोकळे करावे आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून मधल्या तारेचा रोध पाहत दांडा सावकाश, पूर्ण टप्प्यात फिरवावा. आकडा सलग वाढला किंवा सलग कमी झाला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा मार्ग तुटल्याचे दिसले तर सेन्सर गेला. काट्याचा जुना मीटर हाताशी असेल तर तो वापरावा, कारण आकड्यांचा मीटर क्षणभराची उडी गिळून टाकतो. कनेक्टर जोडून आणि इग्निशन चालू ठेवून दांडा हलवण्याचा मोह टाळावा. युनिटला ते खरेच वाटते आणि ते फुग्यातील हवा सोडू किंवा भरू लागते. नंतरच्या काही गाड्यांत स्पर्शाविना चालणारे सेन्सर असतात. त्यांना ही ओहमची परीक्षा लागू पडत नाही, ते स्कॅनरवरच पाहावे लागतात.

सोलेनॉइडसाठी तुलना हा उत्तम मार्ग आहे. ब्लॉकचा कनेक्टर सोडवून सहाही कॉइलचा रोध मोजावा. एकाच कॉइलचा आकडा इतरांपासून फार दूर असेल, किंवा तिथे मार्गच तुटलेला असेल, तर दोषी सापडला. सहाही ठीक असतील तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का ते पाहावे. बॉनेटखालच्या त्या पेटीत उष्णता आणि ओलावा दोन्ही साठतात आणि अधूनमधून येणाऱ्या, कुणालाच न सापडणाऱ्या बिघाडांपैकी बरेच त्या पिनांवरच जन्मलेले असतात.

नोंद वाचणे आणि पुसणे

पी-३८ मध्ये बिघाड दोन प्रकारचे मानले जातात. सौम्य बिघाड म्हणजे यंत्रणेने एखादी विसंगती पाहिली, तात्पुरते हात आखडले आणि पुढच्या वेळी इग्निशन सुरू केल्यावर सर्व सुरळीत झाले. कठोर बिघाडात मात्र युनिट स्वतःला कुलूप लावून घेते, डॅशबोर्डवर ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, मर्यादा दाखवते आणि मूळ दोष दुरुस्त झाल्यावरही ते कुलूप आपोआप उघडत नाही. बॅटरीची तार रात्रभर काढून ठेवण्याचा घरगुती उपाय इथे चालत नाही, कारण नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असते. बाजारात मिळणारा साधा ओबीडी (गाडीतील बिघाड वाचण्याच्या सर्वसाधारण पद्धतीचा) स्कॅनरही उपयोगी पडत नाही. तो इंजिनाशी बोलतो, पण या सस्पेन्शन युनिटची भाषा वेगळी आहे. त्यासाठी ही गाडी ओळखणारे खास उपकरण किंवा लॅपटॉपवरील त्याच कामाचा प्रोग्रॅम आणि केबल लागते.

उपकरण जोडल्यावर पहिले काम वाचनाचे. सर्व नोंदी शब्दशः वहीत उतरवाव्यात. त्यासोबत चारही सेन्सरची प्रत्येक पातळीसाठी साठवलेली मूल्ये लिहून घ्यावीत, कारण ती त्या गाडीची स्वतःची असतात आणि चुकून बदलली गेली तर परत मिळवण्याचा हाच सोपा मार्ग आहे. सेन्सर किंवा युनिट बदललेले नसेल तर ही मूल्ये बदलूच नयेत. गाडी एका बाजूला किंचित झुकलेली वाटते म्हणून आकडे ढकलणारे लोक बहुधा गळका फुगा किंवा वाकलेला सेन्सरचा दांडा आकड्यांखाली लपवत असतात.

दुरुस्ती झाली, गाडीची दारे बंद आहेत, इंजिन चालू आहे, आता नोंद पुसावी. पुसल्यानंतर लगेच पुन्हा वाचावी आणि ती परत येते का, किती वेळाने येते, हे घड्याळ लावून पाहावे. तो अवधीच बरेच काही सांगतो. पुसताक्षणी परतणारी नोंद बहुधा विजेची असते : तुटलेली तार, गेलेली कॉइल, उघडा पडलेला सेन्सर. काही मिनिटे कॉम्प्रेसर धावल्यावर परतणारी नोंद हवेची असते, म्हणजे दाब वेळेत चढलेला नसतो. आणि गाडी रस्त्यावर नेल्यावरच परतणारी नोंद सेन्सरची, त्याच्या दांड्याची किंवा सैल कनेक्टरची असते. एकाच नोंदीचा दोनदा पाठलाग करूनही कारण सापडले नाही, तर ती तिसऱ्यांदा पुसण्याऐवजी रात्रभराच्या मोजमापाकडे परत जावे.

फुगा बदलल्यानंतरची एक खबरदारी

नवा फुगा बसवून, त्यात हवा नसतानाच, गाडी जॅकवरून खाली सोडली तर रबर चुकीच्या जागी दुमडते, चिमटले जाते आणि पहिल्याच फेरीत फाटते. त्यामुळे चेसिस घोड्यांवर असतानाच फुग्यात थोडी हवा भरावी, घडी चारही बाजूंनी सारखी पडली आहे याची खात्री करावी आणि मगच वजन त्यावर येऊ द्यावे. उलट बाजूने, चाक मोकळे लटकत असताना फुग्यात पूर्ण दाबही भरू नये. वजनाचा आधार नसलेले रबर खालच्या आधारावरून निसटू शकते.

नंतरच्या गाड्यांविषयी थोडेसे

२००१ नंतरची तिसरी रेंज रोव्हर, २००४ ची डिस्कव्हरी ३ आणि त्या काळातील इतर कंपन्यांच्या मोठ्या गाड्या यांतही हीच तत्त्वे आहेत. फरक माहितीचा आहे. डिस्कव्हरी ३ मध्ये साध्या स्विचऐवजी दाब मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे स्कॅनरवर बारमधला आकडा थेट दिसतो आणि गेज न लावताही टाकी भरण्याचा वेग पाहता येतो. या गाडीवर सी१ए२० हा कोड वारंवार दिसतो. टाकी भरताना दाब फार हळू वाढत आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो कॉम्प्रेसर बदलण्याचा आदेश नव्हे. आधी गळती, मग हवा ओढण्याचा फिल्टर, मग कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग, हा क्रम इथेही तसाच राहतो. कॉम्प्रेसरचा रिले आतून चिकटून तो थांबतच नाही, हाही त्या पिढीतील एक परिचित प्रकार आहे. टाकी भरलेली असूनही कॉम्प्रेसर बंद होत नसेल तर सर्वप्रथम तो रिले काढावा आणि आवाज थांबतो का ते ऐकावे. थांबला, तर नवा रिले बसवेपर्यंत जुना परत लावू नये.